उष्टं

डॉक्टर हनाननी विचारलं,
तिसऱ्या महिन्यात ताप आला होता का?
सोहारचा ऑगस्ट आठवला.
तेव्हा थंड पाण्याचा नळही चटका देतो.
त्यात माझा ताप कुठला आणि हवेचा कुठला,
कसं सांगू?

हो, दोन दिवस अंग मोडून आलं होतं.
मानेत एक गाठ, वाटाण्याएवढी.
लिंबू पिळून पेज प्यायले,
तिसऱ्या दिवशी उठून कुकर लावला.
याला कुणी आजार म्हणतं?

विषाणूचं नाव इतकं लांब
की रिपोर्टात ते दोन ओळींत मोडलंय.
डॉक्टरांनी ते तीन अक्षरांवर आणलं, सी एम व्ही.
लहान मुलांच्या लाळेत राहतो, म्हणाल्या,
पाळणाघरातून घरी येतो,
मुलांना बहुधा काही करत नाही,
आईला जरासं लोळवतो,
आणि कधीकधी, नेहमी नाही,
वार ओलांडून आत जातो.

केतकी तेव्हा अडीच वर्षांची.
तिच्या ताटलीतला वरणभात
मी ओट्याशी उभ्या उभ्या संपवायचे.
अर्धा चावलेला खजूर,
बिस्किटाचा ओला कोपरा.
चमचा आधी माझ्या ओठांना, मग तिच्या,
मग पुन्हा माझ्या.
पाहुण्याचं उष्टं, नवऱ्याचं उष्टं, देवापुढचं,
सगळ्यांचे नियम आहेत आपल्यात.
लेकराच्या उष्ट्याला नियमच नाही.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं,
ते भाषेबरोबरच आलं.

तुमचा दोष नाही, डॉक्टर इंग्रजीत म्हणाल्या.
मग अरबीत म्हणाल्या, मालेश.
मराठीत कुणी म्हणालं नाही.
मराठीत सासूबाईंनी फोनवर विचारलं,
ग्रहणात बाहेर पडली होतीस का गं?
मी म्हटलं, नाही.
खजूर खाल्ला होता.

दोन किलो शंभर ग्रॅम.
श्रीजा त्याच्या कानात इवलंसं बोंड घालून
पडद्याकडे बघत बसली.
उजवीकडे हिरवं.
डावीकडे पुन्हा एकदा.
पुन्हा एकदा.
तिने बोंड पुसलं, जणू त्याच्यातच काही अडकलं होतं.
मग त्याच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली.
नऊ दिवसांचा जीव,
दुधापलीकडे काही माहीत नाही,
आणि तपासायला नेली त्याची लाळ.
केतकीचं माझ्याकडे आलेलं,
माझ्याकडून त्याच्याकडे गेलेलं,
उष्ट्याचं उष्टं.

पुढे काय, ते दर सहा महिन्यांनी बघायचं.
उजवा कान टिकेल, कदाचित.
बाकी सगळं ठीक असेल, कदाचित.
कदाचित चार वेळा म्हणाल्या. मी मोजलं.

बारसं अल हंबारच्या फ्लॅटमध्येच केलं.
आत्या सांगलीत, व्हिसा झाला नाही.
शेजारची नफीसा, मुरुडची, तीच आत्या झाली.
आमच्यात उजव्या कानात अजान देतात, ती म्हणाली,
डाव्यात इकामत. तुमच्यात कुठला कान?
मला उत्तर सुचेना.
आमच्यात तसं काही नाही, मी म्हटलं,
पण उजवाच घे.
ती वाकली, कुर्रर्र केलं,
बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले,
आणि बाळाचे डोळे हलले.
त्या आवाजाने की पाळण्याच्या झोक्याने,
मी विचारलं नाही कुणाला.

रात्री एसीची घरघर तेवढी उरली.
मी त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन
तेच नाव पुन्हा सांगितलं.
नाव गेलं नसेल. वाफ गेली असेल.

मागून केतकी आली,
मुठीत बारशाच्या घुगऱ्या, अर्ध्या चघळलेल्या.
माझ्यापुढे धरल्या,
आणि तिनेच हात मागे घेतला.
नको, आई. उष्टं आहे.
हा शब्द तिने याच महिन्यात उचलला होता,
माझ्याच तोंडून.

मी तिचं मनगट धरलं
आणि ती चिकट मूठ
ओठांशी आणली.